मेजावरची आगगाडी आणि दोन फुटी रूळ

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात एक लांबलचक मेज आहे. त्या मेजावर रूळ अंथरलेले आहेत आणि रुळांवर चांदीची एक छोटी आगगाडी उभी आहे. इंजिनामागे सात डबे आहेत. प्रत्येक डब्यावर एक रोमन अक्षर असून सातही अक्षरे सलग वाचली की शिंदे हे घराण्याचे नाव, इंग्रज ते जसे लिहीत तसे, पुरे होते. डब्यांवर पैलू पाडलेल्या काचेच्या सुरया ठेवलेल्या असतात. भोजन उरकले की ही गाडी पाहुण्यांसमोरून मद्य आणि सिगार घेऊन फिरत असे. एखाद्या पाहुण्याने डब्यातील सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबे. सुरई परत ठेवली की पुढे निघे. राजवाड्याचे संग्रहालय पाहायला येणारा प्रवासी या मेजापाशी हमखास थबकतो, हसतो, छायाचित्र काढतो आणि राजेलोकांच्या हौसेला मोल नसते, असे म्हणून पुढच्या दालनात जातो.

ज्याच्या हौसेने ही गाडी आली त्या माणसाची ओळख मात्र तिथेच संपते. हेच नव्हे, तर त्याच माणसाच्या त्याच हौसेतून आणखी एक आगगाडी निघाली होती. तिचे रूळ दोन फूट रुंदीचे होते. ती ग्वाल्हेरपासून चंबळच्या खोऱ्यातील श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर धावत असे आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तिने शेतकरी, विद्यार्थी, लग्नाची वऱ्हाडे आणि धान्याची पोती वाहिली. मेजावरची गाडी आज झळाळत उभी आहे; दुसरीचे रूळ उखडले गेले. माधवराव शिंदे यांचे चरित्र या दोन गाड्यांच्या मधल्या जागेत आहे.

आरंभीच एक खुलासा करायला हवा. माधवराव शिंदे म्हटले की आजच्या वाचकाला २००१ मध्ये विमान अपघातात मृत्यू पावलेले केंद्रीय मंत्री आठवतात. हे माधवराव त्यांचे आजोबा.

वारसा रुळांचा

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. त्यांचे वडील जयाजीराव हे १८५७च्या धुमाळीतून आपली गादी वाचवलेले राजे. जयविलास राजवाडा त्यांनीच १८७४ मध्ये उभा केला. आगगाडीचे महत्त्व त्यांनाही उमगले होते, पण ते धनकोच्या नजरेने. १८७२ मध्ये त्यांनी आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख रुपये इंग्रज सरकारला कर्जाऊ दिले आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढीच रक्कम दिली. त्याआधी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटीचे कर्ज दिले होतेच. मराठी संस्थानिकांच्या खजिन्यातला पैसा अशा रीतीने मध्य भारतातील रुळांमध्ये गुंतला. तरी मार्ग कुठून जावा, गाडी कुठे थांबावी, हे ठरवणारे हात दुसऱ्यांचे होते.

जयाजीराव जून १८८६ मध्ये वारले. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी इंग्रजांकडून परत मिळून फार दिवस झाले नव्हते. माधवराव तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. राज्याचा कारभार कौन्सिलकडे गेला आणि बाल राजाचे शिक्षण इंग्रजी वळणाने सुरू झाले. डिसेंबर १८९४ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. सुमारे २५ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९०१च्या गणनेनुसार २९ लाखांवर प्रजा, असा तो पसारा होता. तोही सलग नव्हता. उत्तरेला ग्वाल्हेर, भिंड, श्योपूर, तर दक्षिणेला माळव्यात उज्जैन, मंदसौर. मध्ये इतर संस्थानांचे तुकडे पसरलेले. असे राज्य एका नजरेत मावत नाही. ते मावावे अशी इच्छा मात्र तरुण राजाच्या मनात आरंभापासून असावी, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहून वाटते.

राजवाड्याच्या आवारातून

यंत्रांचा नाद माधवरावांना लहानपणापासून होता. इंजिन कसे चालते हे पुस्तकात वाचून त्यांचे समाधान होत नसे. ते स्वतः इंजिन हाकायला शिकले आणि पुढेही संधी मिळेल तेव्हा हाकत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात राजवाड्याच्या परिसरात दोन फुटी रूळ पडले. आरंभी तिचे स्वरूप करमणुकीच्या गाडीचेच होते. राजा आपल्या घराभोवती गाडी फिरवतो आहे, यात कोणाला नवल वाटले नाही. युरोपातील धनिकांच्या बागांतून अशा गाड्या तेव्हा धावतच होत्या.

नवल पुढे घडले. ते रूळ राजवाड्याच्या भिंतीबाहेर पडले. १८९९च्या सुमारास एक फाटा पूर्वेकडे सुमारे ५० मैलांवरच्या भिंडला आणि दुसरा दक्षिणेकडे ७० मैलांहून दूर असलेल्या शिवपुरीला, म्हणजे तेव्हाच्या सिप्रीला, जाऊन पोहोचला. १९०४ पासून तिसरा फाटा पश्चिमेकडे सरकू लागला. जौरा, कैलारस, सबलगढ, पुढे वीरपूर असे टप्पे घेत १९०९ मध्ये तो श्योपूरला भिडला. ग्वाल्हेर लाइट रेल्वे असे तिचे नाव. बागेतली गाडी मोठी होऊन राज्याची गाडी झाल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. भारतातील रुंदमापी रूळ १,६७६ मिलिमीटरचे, म्हणजे पावणेतीन पट रुंद. इतके अरुंद रूळ का निवडले, याचे उत्तर केवळ हौसेत सापडत नाही. अरुंद मार्गाला जमीन थोडी लागते. रूळ हलके, म्हणून स्वस्त. इंजिनाचे वजन कमी, म्हणून पूलही हलके चालतात. सर्वांत मोठा लाभ वळणांचा आहे. रुंदमापी गाडीला वळायला मोठा पल्ला लागतो. दोन फुटी गाडी गल्लीतही वळते. चंबळच्या खोऱ्यातील घळींनी चिरलेल्या जमिनीत आणि लष्करच्या दाट वस्तीत हा गुण मोलाचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ही मध्य भारतातील भीषण दुष्काळांची साले. जिथे गाडी पोहोचत होती तिथे धान्य पोहोचत होते, आणि जिथे बैलगाडीचाच आधार होता तिथे ते वाटेतच अडत होते, हे त्या काळच्या प्रत्येक राज्यकर्त्याला दिसत होते. मोठ्या कंपन्यांना श्योपूरसारख्या कोपऱ्यात रस नव्हता. मोठी गाडी जिथे जाणार नव्हती तिथे छोटी गाडी नेणे राजाच्या हातात होते, आणि ते त्याने केले.

या निवडीची किंमतही होती. भिंडहून आलेले पोते ग्वाल्हेरला उतरवून, छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरावे लागे. दोन मापांचे रूळ जिथे भेटतात तिथे हमाली वाढते, वेळ जातो, माल सांडतो. छोटी गाडी आपल्या मुलखात राणी, पण जगाशी तिचा सांधा जुळत नाही. पुढे शंभर वर्षांनी तिच्या मुळावर आली ती हीच गोष्ट.

प्रतिकृती आणि खेळणे

मेजावरच्या चांदीच्या गाडीचे श्रेय इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या पेढीला दिले जाते आणि तिचे साल १९०६ सांगितले जाते. या पेढीचा संस्थापक वेन्मन बॅसेट-लोक हा माधवरावांहून एक वर्षाने लहान. त्याच्या वडिलांचा बाष्पकांचा कारखाना होता. लोखंड, वाफ आणि रिव्हेट यांच्यात तो वाढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालाने यंत्रांचे सुटे भाग व छोटी इंजिने विकू लागला. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी केलेली खेळण्यातली इंजिने पाहिली. हात सफाईचा होता, पण इंजिने खऱ्या इंग्लिश गाड्यांसारखी दिसत नव्हती. बॅसेट-लोकने जर्मन कारखान्यांना इंग्लिश इंजिनांचे आराखडे पुरवले. हेन्री ग्रीनली या अभियंत्याने प्रमाणाचे गणित बसवले. त्यातून जे बाजारात आले ते मुलांइतकेच मोठ्यांनाही हवेसे वाटले.

खेळणे आणि प्रतिकृती यांतला फरक इथे आहे. खेळण्याला चाके असली आणि शिट्टी वाजली की पुरे. प्रतिकृतीला प्रमाण लागते. त्या काळी रूढ झालेल्या एका मापात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचे सात मिलिमीटर. रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर. याहून मोठ्या मापात ते अंतर ४५ मिलिमीटर. एकदा माप ठरले की धुराडे, दिवा, पायरी, दरवाजाची मूठ, स्थानकाच्या छपराची कौले, सिग्नलचा हात, सारे त्याच प्रमाणात उतरावे लागते. एक वस्तू चुकली की डोळा लगेच अडखळतो आणि सगळा देखावा खोटा वाटू लागतो. काही गोष्टी मात्र मुद्दाम सोडाव्या लागतात. प्रत्येक रिव्हेट दाखवायचा हट्ट धरला तर पत्रा खरबरीत दिसतो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा विवेक हीच या कलेची कसोटी. जे रूळ अंथरून, बोगदे, पूल, फलाट आणि झाडे लावून आपल्या माळ्यावर एक अख्खा प्रदेश उभा करतात, त्यांचा खरा आनंद गाडी धावण्यात जितका असतो तितकाच तो प्रदेश आपल्या आज्ञेत असण्यात असतो. तिथे गाडी उशिरा येत नाही, पूल वाहून जात नाही, उतारू तक्रार करीत नाहीत.

या काटेकोर कसोटीला शिंद्यांची चांदीची गाडी उतरत नाही. तिच्या डब्यांत बसलेली सुरई कोणत्याही खऱ्या वाघिणीच्या मानाने अवाढव्य आहे. ती भोजनाची सामग्री आहे, आगगाडीचे रूप घेतलेली. तिच्यातली खुबी तिच्या यंत्रात आहे. रुळांतून विजेचा प्रवाह येतो, सुरईचे वजन डब्यावर असेपर्यंत तो प्रवाह इंजिनापर्यंत पोहोचतो आणि वजन उचलले की साखळी तुटते. सेवकाने पाहुण्यापाशी कधी थांबावे, हे ठरवायचे काम वजनाने आणि विजेने केले. ज्या काळात भारतातील बहुतेक शहरांनी विजेचा दिवा पाहिला नव्हता, त्या काळात ग्वाल्हेरच्या मेजावर हे घडत होते.

या गाडीविषयी एक कथा फार फिरते. सत्तेच्या हस्तांतरावरील एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकात ती आली आहे. व्हाइसरॉयच्या मेजवानीत विजेचा गोंधळ होऊन गाडी बेफाम सुटली आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर खाद्यपदार्थ उडवीत फिरत राहिली, अशी ती कथा. ती कथा म्हणूनच घ्यावी. तिची लोकप्रियता मात्र बोलकी आहे. राजाच्या हातचा खेळ राजाच्या हातून निसटतो, हे ऐकायला लोकांना आवडते.

नियमांचा राजा

माधवरावांना केवळ हौशी म्हणणे अन्यायाचे होईल. राज्यकारभाराकडेही ते यंत्राकडे पाहावे तसे पाहत. प्रत्येक खात्याचे नियम स्वतः घडवावेत, ते छापून घ्यावेत, मग अचानक जाऊन तपासावेत, ही त्यांची रीत होती. दौरे त्यांनी पुष्कळ केले. वाघाच्या शिकारीसारख्या विषयावरही त्यांनी इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. हातात घेतलेली कोणतीही गोष्ट टप्प्याटप्प्याने मांडून, कोणाचे काम काय हे लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज आपण त्या शिकारीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. लिहिणाऱ्याचा स्वभाव मात्र त्यातून स्पष्ट दिसतो.

१८९७ मध्ये त्यांनी सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली. १९०८ मध्ये ती किल्ल्यावर गेली. आजची सिंदिया स्कूल ती हीच. १९१८ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उभे राहिले. घराण्याघराण्यांत कंठस्थ असलेली विद्या वर्गात, अभ्यासक्रमाने, स्वरलिपीत शिकवायची, ही भातखंड्यांची कल्पना. नियम आणि क्रम यांवर प्रेम करणाऱ्या राजाला ती पटली यात आश्चर्य नाही. १९२१ मध्ये बिर्लांची जयाजीराव कॉटन मिल ग्वाल्हेरात आली. चिनी मातीची भांडी आणि चामडे यांचे कारखाने निघाले. तलाव आणि बंधारे यांवर त्यांनी मोठा खर्च केला. शिवपुरी ही उन्हाळी राजधानी म्हणून आखून वसवली आणि तिथे पोहोचवणारी गाडी अर्थातच दोन फुटी होती.

इंग्रज साम्राज्याशी त्यांची निष्ठा उघड होती. बॉक्सर बंडाच्या वेळी, १९००-०१ मध्ये, त्यांनी स्वखर्चाने ग्वाल्हेर नावाचे रुग्णालय-जहाज चीनच्या मोहिमेला दिले आणि जनरल गॅसली यांच्या हाताखाली स्वतः चीनला गेले. पहिल्या महायुद्धात लॉयल्टी नावाचे दुसरे रुग्णालय-जहाज त्यांच्या पुढाकाराने सज्ज झाले. त्याच काळात लोकमान्य टिळकांचे राजकारण महाराष्ट्रात पेटलेले होते. महादजी शिंद्यांचा वारस साम्राज्याच्या सेवेत धन्यता मानतो, हे अनेक मराठी माणसांना खटकत होते आणि ते खटकणे समजण्यासारखे आहे. माधवरावांच्या पिढीतील संस्थानिकांना मिळालेले क्षेत्र मुळात मेजाएवढेच होते. परराष्ट्र, सैन्य, मोठे लोहमार्ग हे सारे मेजाबाहेर. जे मेजावर होते त्याची मांडणी त्यांनी मनापासून केली.

जे कळ दाबून चालले नाही

माणसे रुळांवरून धावत नाहीत. याचा अनुभव माधवरावांना खासगी आयुष्यात आला. पहिल्या पत्नी महाराणी चिंकूराजे यांना अपत्य नव्हते. १९१० मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची कन्या इंदिराराजे यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. शिंदे आणि गायकवाड या दोन मोठ्या मराठा घराण्यांची सोयरीक, म्हणजे मराठी संस्थानी जगातली मोठी घटना. तयारी सुरू झाली. आणि १९११ मध्ये, दिल्ली दरबाराच्या सुमारास, इंदिराराजेंनी स्वतः पत्र पाठवून हा विवाह नाकारला. १९१३ मध्ये त्यांनी आपल्या पसंतीने कुचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केले. त्या काळात एका राजकन्येने असा शब्द फिरवणे अभूतपूर्व होते. बडोद्यात आजही हा प्रसंग तिच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ग्वाल्हेरात तो अर्थातच तितक्या आवडीने सांगितला जात नसे.

पुढे माधवरावांचा दुसरा विवाह गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी झाला. सत्तरीच्या डोंगरांत पोर्तुगीज सत्तेला वारंवार आव्हान देणाऱ्या राण्यांची लेक अशा रीतीने चंबळच्या काठी राणी झाली. १९१४ मध्ये कमलाराजे आणि १९१६ मध्ये जिवाजीराव ही अपत्ये झाली. इंग्लंडच्या राजाराणीवरून त्यांच्या नावांपुढे मेरी आणि जॉर्ज ही नावे जोडली गेली. राजाच्या निष्ठेने पाळण्यापर्यंत मजल मारली होती.

दुसरा धक्का दगडाचा आणि पाण्याचा होता. ग्वाल्हेर शहराच्या पाण्यासाठी सांक नदीवर तिगरा येथे दगडी धरण बांधले गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये, बांधून पुरते होते न होते तोच, ते फुटले. पाया ज्या खडकावर होता त्याच्या थरांत पाणी शिरले आणि भिंतीचा मोठा भाग जागेवरून सरकला. खालच्या गावांवर पाण्याचा लोंढा गेला आणि फार मोठी प्राणहानी झाली. भारतातील धरणांच्या इतिहासात हा अपघात आजही अभ्यासला जातो. प्रमाणात केलेल्या प्रतिकृतीत पाणी काचेचे असते आणि डोंगर लगद्याचा. खऱ्या डोंगरात काय चालले आहे हे आराखड्यावर दिसत नाही. धरण पुन्हा बांधले गेले, १९२९ मध्ये पुरे झाले. ते पाहायला माधवराव राहिले नाहीत.

५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय ४८. त्याच शहरात पंचवीस वर्षांपूर्वी एका इंग्लिश तरुणाने न्यूरेंबर्गची छोटी इंजिने पाहिली होती. जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही पुरते नव्हते. वडील वारले तेव्हा माधवरावही नऊच वर्षांचे होते. इतिहासाने तोच फेरा पुन्हा घेतला. पुन्हा कौन्सिल, पुन्हा बाल राजा. या वेळी कौन्सिलच्या प्रमुखपदी ज्येष्ठ महाराणी चिंकूराजे बसल्या. शिवपुरीत आई सख्याराजे यांच्या छत्रीसमोर माधवरावांची संगमरवरी छत्री उभी आहे. मायलेकांच्या स्मारकांची तोंडे एकमेकांकडे आहेत. तिथे एकेकाळी त्यांच्याच गाडीने जाता येत असे.

उरले काय

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये त्याची रेल्वे मध्य रेल्वेत गेली. शिवपुरीचा फाटा काही दशकांत बंद पडला. भिंडच्या फाट्यावर रुंद रूळ आले. उरला श्योपूरचा. घोसीपुरा, मोतीझील, बामोर गाव, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर अशी स्थानके घेत ही गाडी दहा-अकरा तासांत श्योपूर गाठी. वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली. वेग मात्र तोच. शहरातून जाताना ती दुकानांच्या पायऱ्यांना घासून जाई. डबा भरला की लोक टपावर बसत. पर्यटक तिला खेळण्यातली गाडी म्हणत आणि हौसेने बसत. सबलगढच्या शेतकऱ्याला ती खेळणे वाटली नसावी. ज्याच्या गावाला दुसरी गाडीच नव्हती त्याच्या लेखी दोन फूट हे पुरेसे अंतर होते.

आजोबांचे नाव घेतलेले नातू माधवराव १९८६ ते १९८९ या काळात देशाचे रेल्वे राज्यमंत्री झाले. १९८८ मध्ये पहिली शताब्दी एक्स्प्रेस दिल्ली आणि झाशी यांच्यामध्ये धावू लागली तेव्हा ती ग्वाल्हेरवरूनच जात होती. वेगाच्या नव्या युगाची गाडी आणि आजोबांची मंदगती गाडी एकाच स्थानकावर, वेगवेगळ्या फलाटांवर उभ्या राहत. त्या दोहोंमधले अंतर १९८८ मध्येच स्पष्ट दिसत होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. देशभरच्या गाड्या थांबल्या तशी श्योपूरची गाडीही थांबली. इतर गाड्या पुढे सुरू झाल्या. ही झाली नाही. मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले आणि रुंद रूळ टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकू लागले. यात दुःख मानण्याचे कारण नाही, असे त्या भागातील माणूस सांगेल, आणि ते खरेच आहे. ग्वाल्हेरात उतरून पोती पुन्हा भरण्याची हमाली आता संपेल. आजारी माणसाला दहा तास टपावरच्या गर्दीखाली बसावे लागणार नाही. जुन्याच्या मायेपोटी दुसऱ्याने गैरसोय सोसावी, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रश्न इतकाच की माधवरावांचे स्मारक आपण कशाला मानायचे. चांदीची गाडी काचेआड सुरक्षित आहे, कारण ती चांदीची आहे आणि राजवाड्यात आहे. तिच्याविषयीच्या कथा पर्यटनाच्या पुस्तिकांतून फिरत राहतील. तिने पाहुण्यांना मद्य पोहोचवले, एवढीच तिची कामगिरी. दुसऱ्या गाडीने एका उपेक्षित कोपऱ्याला शंभर वर्षे जगाशी जोडून ठेवले, आणि तिचे रूळ भंगाराच्या भावाने गेले. दोन्हींच्या मुळाशी एकाच माणसाचे एकच वेड होते. आवारातले रूळ भिंतीपाशी थांबवले असते तर माधवराव हे आणखी एक छांदिष्ट महाराज म्हणून उरले असते. त्यांनी भिंत ओलांडली. त्या एका निर्णयामुळे खेळणे लोकांचे झाले.

जयविलासच्या त्या मेजापाशी उभे राहिल्यावर वाचकांनी एवढे करावे. गाडीकडे पाहून हसून झाल्यावर मनातल्या मनात तिचे रूळ मेजाच्या कडेवरून खाली उतरवावेत, दालनातून, आवारातून, मोतीझीलच्या बाजारातून थेट श्योपूरपर्यंत न्यावेत. काचेच्या सुरयांच्या जागी गव्हाची पोती ठेवावीत. त्या गाडीच्या टपावर बसलेली माणसेही मग दिसू लागतील.